अहल्येचं लिंबू

मृण्मयी वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन घ्यायची. रोज एखादा तरी ग्राहक असा निघायचा, की स्वतःच्या घरात काळोख असूनही त्याला आधी तिच्या आवाजाची काळजी वाटायची.

"मॅडम, सर्दी हो गई क्या?"

"हां जी, छब्बीस साल से. आप खंभे का नंबर बताइए."

सर्दी नव्हती. मृण्मयी जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ दुभंगलेला होता आणि तोंडातली टाळूही. इंदूरच्या फेऱ्या मारून दोन्ही शिवून घेतलं. ओठावर एक रेघ राहिली, आवाज जरासा नाकातून यायला लागला आणि गोष्ट संपली. म्हणजे डॉक्टरांच्या लेखी संपली.

असं का झालं, ते डॉक्टरांना नक्की सांगता आलं नाही. उज्जैनच्या मराठी मंडळींना आलं. मृण्मयी पोटात असताना तिच्या आईने, अहल्येने, सूर्यग्रहणात लिंबू कापलं होतं. ग्रहणात गरोदर बाईने काही कापलं की पोरही कापलेलं जन्मतं, हे तर सगळ्यांना ठाऊकच होतं. सव्वीस वर्षांत ते लिंबू वाढतही गेलं. सुरुवातीला ते अर्धं होतं. मग त्यात सरबताचा बेत निघाला. एका मामेसासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे तर अहल्येने त्या दिवशी बरणीभर लोणचं घातलं होतं आणि वर मोहरीही फेसली होती.

अहल्या यावर काही बोलायची नाही. मात्र लग्नाच्या पंगतीत तिला मीठ-लिंबू वाढायला कोणी सांगत नसे.

आता मृण्मयीला सहावा महिना होता. सोनोग्राफीत बाळाचं सगळं जागच्या जागी होतं, फक्त वरचा ओठ दोन भागांत आला होता. हे तिला ठाऊक होतं, तिच्या नवऱ्याला, चिन्मयला ठाऊक होतं आणि इंदूरचे सर्जन डॉ. आल्हाद यांना. त्यांनी रिपोर्ट बघून "तीन महिन्यांचं झालं की शिवून टाकू," असं शर्टाचं बटण लावून देतो म्हटल्यासारखं सांगितलं होतं. घरात अजून कोणाला सांगितलेलं नव्हतं. अडचण ओठाची नव्हती. ओठ शिवता येतो, हे मृण्मयी रोज आरशात बघत होती. अडचण लिंबाची होती. बाळ जन्मलं की लोक लिंबू शोधायला निघणार, आणि ते आईच्या घरात सापडणार, नाहीतर तिच्या स्वतःच्या.

त्यात फाल्गुनी पौर्णिमेला चंद्रग्रहण येऊन ठेपलं होतं.

"त्या दिवशी तू गादीवरून उठायचं नाही," तिच्या सासूबाई, मंगलाताई, पंधरा दिवस आधीच म्हणाल्या. "सरळ पडून राहायचं. कुशीवर वळायचं नाही, पाय मुडपायचा नाही. पोटाला गेरू मी लावते."

मंगलाताई शाळेत सायन्स शिकवून रिटायर झाल्या होत्या.

"मम्मी, तुम्ही तर मुलांना ग्रहण शिकवायच्या."

"ते शाळेत. शाळेत मी पृथ्वी गरगर फिरते असंही शिकवलंय. म्हणून घरात कोणी गरगर फिरलेलं मला चालतं का?"

मम्मींशी असं अडलं की मृण्मयी परिवारात जायची.

परिवार म्हणजे फ्रीगंजमधल्या सुहासकाकांच्या चष्म्याच्या दुकानावरची गच्ची आणि तिच्यावर दर महिन्याला जमणारी माणसं. पूर्ण नाव 'उज्जैन ओठ-टाळू-जबडा-कान-कवटी परिवार'. अशा संस्थांची नावं एरवी हसू, स्मित, मुस्कान अशी असतात. पण पहिल्याच बैठकीत ठरलं की आपण हसायचं की नाही हा आपला खाजगी मामला आहे. म्हणून सरळ अवयवांची नावं घेतली. कानवाले आले तेव्हा कान जोडला. एका बाळाच्या कवटीचे सांधे वेळेआधीच जुळले होते, त्याचे आईबाप आले तेव्हा कवटी जोडली. मग पाटी रंगवणाऱ्याने हात जोडले. "भैया, अब कोई नया पार्ट मत लाना. बोर्ड खत्म."

सुहासकाका अध्यक्ष. त्यांना जन्मतः डावा कान नव्हता, त्यामुळे चष्म्याची काडी त्या बाजूला अडकत नसे. ते रबर लावून चष्मा घालायचे. चष्म्याचंच दुकान का काढलं, असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "विरोध म्हणून." लोक एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देतात. काकांना ती सोय नव्हती, त्यामुळे पन्नास वर्षांत लोक जे जे बोलले ते सगळं त्यांच्याकडे शिल्लक होतं.

परिवाराचा नियम एकच. गणपतीचं उदाहरण द्यायचं नाही. 'बघा, पहिली सर्जरी आपल्याकडेच झाली' असं जो म्हणेल, त्याने सगळ्यांना कचोरी खाऊ घालायची. आजवर सगळ्यात जास्त कचोऱ्या डॉ. आल्हादनी खाऊ घातल्या होत्या.

"ग्रहणाच्या दिवशी," मृण्मयी त्या बैठकीत म्हणाली, "अपन सगळ्यांनी इथे गच्चीवर बसून भाजी कापायची. उघड्यावर. सगळ्या फ्रीगंजला दिसेल अशी."

मग कवटीवाल्या बाळाच्या आईने विचारलं, "कोणती भाजी?"

"पावभाजी. तिच्यात सगळ्यात जास्त कापावं लागतं."

ठराव तिथेच पास झाला असता, पण डॉ. आल्हादनी घसा साफ केला. चेहऱ्याची आणि कवटीची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनांची जी असोसिएशन असते, तिचे ते पदाधिकारी होते. "जनजागृती करायचीच असेल तर असोसिएशनचं मटेरियल आहे. माझ्या स्लाइड्स आहेत."

"सर, मागच्या वेळी स्लाइड्स चालू असताना लाइट गेली," सुहासकाका म्हणाले, "तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"पण असोसिएशनच्या बॅनरखाली भाजी कापायची कुठे तरतूदच नाहीये हो."

"मग बॅनरच्या वर बसून कापू. खाली अंथरतो. सालं त्याच्यावर पडतील, गच्ची साफ राहील."

डॉक्टरांनी नंतर असोसिएशनला फोन करून विचारलंही. तिकडून उत्तर आलं की वैज्ञानिक दृष्टिकोनाला आमचा पूर्ण पाठिंबा आहे, फक्त कांद्याबद्दल सध्या काही सांगता येणार नाही.

ग्रहणाचा दिवस उजाडला. या वेळचा चंद्र उगवतानाच ग्रासलेला उगवणार होता आणि थोड्याच वेळात सुटणार होता. तेवढ्या थोड्या वेळासाठी मंगलाताईंनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. पाण्यात तुळस, दह्यात तुळस, फ्रीजमधल्या ब्रेडवरसुद्धा तुळस. मृण्मयीच्या पोटाला गेरू फासून झाला. संध्याकाळी मंगलाताई डोळे मिटून जपाला बसल्या, तशी मृण्मयी गादीवरून उठली.

"मम्मी, मी सुहासकाकांच्या गच्चीवर चाललेय. भाजी कापायला."

जपात बोलता येत नाही. मंगलाताईंनी डोळे उघडले आणि हाताने 'थांब' अशी खूण केली. मग 'बस' अशी केली. मग जी केली ती कोणत्याही स्तोत्रात बसणारी नव्हती. मृण्मयीने ओट्यावरची सुरी उचलली, ती सगळ्यांना दिसेल अशी हातात धरली आणि जिना उतरली. मागून चिन्मय चपला शोधत आला.

गच्चीवर सगळे जमले होते. बॅनर अंथरलेलं होतं. त्यावरच्या हसऱ्या बाळाच्या फोटोवर फ्लॉवर ठेवलेला होता. अहल्या देवास गेटच्या आपल्या घरून आली होती. कोपऱ्यात बसून तिने आपली मिटायची विळी मिटूनच मांडीवर धरली होती.

"आई, दे ना ती विळी."

"नाही देणार. तुला मिळू नये म्हणूनच तर बरोबर घेऊन आले. एक कापलेलं पुरे झालं आपल्या घरात."

"आई, लिंबाने काही झालेलं नाही. कितीदा सांगू?"

"तू सांगतेस. लोक सांगत नाहीत," अहल्या म्हणाली आणि विळीवर दोन्ही हात ठेवून बसली.

मृण्मयीने वाद घातला नाही. आपली सुरी घेतली आणि बॅनरवर मांडी घालून पहिला कांदा उभा चिरला. समोरच्या बाल्कनीत मंगलाताईंच्या मैत्रीण जयूवहिनी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग पदर सोडून फोन कानाला लावला.

"झालं," चिन्मय म्हणाला. "मम्मी येणार." तो मटार सोलत होता. सोलणं हे कापण्यात धरत नाहीत, असा मधला मार्ग त्याने काढला होता.

सगळे कापू लागले. डॉ. आल्हादना भोपळी मिरची दिली होती. त्यांनी आधी तिच्यावर पेनने खुणा केल्या. मग तिरपा छेद, मग उलटा तिरपा छेद.

"सर, मिरची आहे ती," सुहासकाका म्हणाले. "तिला कुठे लग्नाला उभं राहायचंय?"

"सवय आहे हो. डाग दिसू नये म्हणून."

पाण्याच्या टाकीमागून चंद्र वर आला. तांबूस, मळकट, कोणीतरी बोट लावून पुसायचा राहिल्यासारखा. कान नसलेल्या एका छोटीने विचारलं, "अंकल, ग्रहण लगता कैसे है?"

डॉ. आल्हादनी आनंदाने सुरी खाली ठेवली. "सोप्पं आहे. सूर्य इथे, पृथ्वी तिथे आणि चंद्र मधे येतो, म्हणून मग चंद्राला..."

"कोण मधे येतो?"

जिन्याच्या दारात मंगलाताई उभ्या होत्या. हातात जपमाळ, पायांत दोन वेगळ्या चपला. त्या सुनेला हाताला धरून घरी न्यायला आल्या होत्या, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. पण कानावर चुकीचं उत्तर पडलं होतं.

"चंद्र मधे आला तर सूर्यग्रहण होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सर्जन ना?"

"हो, मॅडम."

"बसा खाली."

डॉक्टर बसलेलेच होते. ते आणखी बसले.

"टॉर्च कोणाकडे आहे? तुमच्या खिशात? घसा बघायचा? चालेल. हा सूर्य." मंगलाताईंनी टॉर्च चिन्मयच्या हातात कोंबला. "हलवू नकोस, सूर्य हलत नाही." टोपलीतून टोमॅटो उचलला. "ही पृथ्वी." मग त्या चंद्र शोधायला लागल्या. टोपलीच्या तळाशी लिंबं होती. पावभाजीवर पिळायला आणलेली, पण अहल्या समोर बसलेली असल्यामुळे तिकडे कोणाचा हात गेला नव्हता. मंगलाताईंचा गेला. "आणि हा चंद्र. आता बघा. पृथ्वी मधे. तिची सावली पडली लिंबावर. हे चंद्रग्रहण. कळलं? कळलं नसेल तर हात वर करा."

मृण्मयीने हात वर केला. हातात सुरी होती.

"मम्मी, आता ही सावली बाळाच्या ओठावर कुठून पडते ते दाखवा."

मंगलाताईंचा हात थांबला. टोमॅटो आणि लिंबू हवेत राहिले.

"बाळाचा ओठ दुभंगलेला आहे," मृण्मयी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच नाकातून आला आणि गच्चीच्या टोकापर्यंत नीट पोचला. "माझ्यासारखाच. गेल्या महिन्यात सोनोग्राफीत दिसलाय. ग्रहण आज आहे. तुम्हीच सांगा, आजची सावली गेल्या महिन्यात पडते का?"

अहल्येने डोळे मिटून घेतले. मंगलाताईंनी चिन्मयकडे बघितलं. सूर्य हलायला लागला होता.

"दुसऱ्या महिन्यातच ओठ जुळतो, नाहीतर राहतो," डॉ. आल्हाद हळू आवाजात म्हणाले. या वेळी त्यांचं उत्तर बरोबर होतं.

मंगलाताई बोटांवर मोजू लागल्या. पेपर तपासताना मोजायच्या तशा, ओठ हलवत. "दुसरा महिना म्हणजे दिवाळी. दिवाळीत ग्रहण नव्हतं. त्याआधीचं भाद्रपदात. तेव्हा तर हे दोघं फिरायला केरळला जायचं की मनालीला यावरून भांडत होते." त्यांनी पुन्हा मोजलं. उत्तर तेच आलं. त्यांनी लिंबाकडे असं बघितलं, जणू वर्गातल्या हुशार मुलाने ऐनवेळी दगा दिला होता.

"बरं," त्या म्हणाल्या. मग एकदम त्यांचा आवाज बारीक झाला. "पण मी लोकांना सांगू काय? बारशाला येतील, पाळण्यात वाकून बघतील आणि मलाच विचारतील ना."

"मॅडम, सांगा की आपल्याकडे तर गणपती..."

"कचोरी!" सगळी गच्ची एका सुरात म्हणाली.

"मलाही विचारलं होतं," अहल्या म्हणाली.

ती इतक्या वर्षांत या विषयावर पहिल्यांदाच बोलत होती, त्यामुळे ती बोलली हे कळायला सगळ्यांना थोडा वेळ लागला.

"मंगलाताई, मी त्या दिवशी काहीसुद्धा कापलं नव्हतं. आमच्या सासूबाई दारात पाट टाकून पहाऱ्याला बसल्या होत्या. मी चटईवर सरळ. पायाला मुंगी चावली तर खाजवलंसुद्धा नाही. मग ही झाली. लोक बघायला येऊ लागले. चहा घ्यायचे आणि म्हणायचे, आठव, काहीतरी कापलंच असशील. मी नाही म्हटलं की उठायचेच नाहीत. की परत चहा. महिनाभर हेच चाललं होतं. एक दिवस घरातलं दूध संपलं, आणि माझ्या तोंडून निघालं, लिंबू." तिने हात झटकला. "लगेच उठले हो. कसं समाधान झालं सगळ्यांचं! चपला घालून आपापल्या घरी गेले."

"लिंबूच का?" सुहासकाकांनी विचारलं.

"भोपळा सांगितला असता तर उरलेला कुठे ठेवला म्हणून विचारलं असतं."

मृण्मयीने आजवर लिंबावरून खूप भांडणं केली होती. लिंबाने काही होत नाही, असं ती शाळेत भांडली होती, लग्नात भांडली होती. पण लिंबू नव्हतंच, हे तिच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. तिलाही लिंबू खरंच वाटत होतं. तिला राग आला आणि तो कोणावर काढावा ते कळेना, म्हणून तिने आणखी एक कांदा उचलला.

"आई, मला तरी सांगायचं."

"तुला कशाला? तू कुठे चहाला बसली होतीस?"

अहल्येने मांडीवरची विळी उघडली. ती उघडताना करकरली. पाय पुढे घेऊन तिने पातं नीट उभं केलं आणि मंगलाताईंकडे हात पसरला.

"द्या ते इकडे."

"काय?"

"ज्याची शिक्षा भोगून झाली, तो गुन्हा एकदा करून तरी बघते."

मंगलाताईंनी आपल्या हातातल्या लिंबाकडे बघितलं, वर आकाशात बघितलं. वरच्याचा एक कोपरा अजून काळाच होता. मग त्यांनी लिंबू दिलं. अहल्येने ते दोन्ही हातांत धरलं, पात्यावर टेकवलं आणि सरळ मधोमध कापलं. रस उडाला तो डॉक्टरांच्या डोळ्यात गेला. असोसिएशनचं तेवढंच नुकसान झालं.

"विहीणबाई," मंगलाताई म्हणाल्या, "तो चंद्र होता."

"माहीत आहे. लिंबू लिंबू ऐकून कंटाळा आला होता."

मृण्मयी हसायला लागली. पोट धरून, गेरू कपड्यांना लागेपर्यंत, आपल्या त्याच आवाजात. मग छोटी हसली, मग चिन्मय, आणि सूर्य त्याच्या हातातून पडून विझला.

"मंगलाताई!" समोरून जयूवहिनींचा आवाज आला. त्या बाल्कनीच्या कठड्यावरून निम्म्या बाहेर आल्या होत्या. "अहो, काय कापलं हो? मला दिसलं नाही!"

मंगलाताई वळल्या. पदर खोचला. चालत गच्चीच्या कठड्यापर्यंत गेल्या आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा तो आवाज काढला.

"चंद्र कापला, जयू! माझ्या विहीणबाईंनी! उभा, मधोमध! आणि माझ्या नातवंडाचा ओठ दुभंगलेला आहे, तो दिवाळीतच ठरलाय, ग्रहणाला विचारून नाही! आणखी काही विचारायचं असेल तर वर ये, टोमॅटो घेऊन समजावते!"

खाली गल्लीत ग्रहणाच्या आंघोळीला रामघाटावर निघालेली माणसं मान वर करून थांबली. जयूवहिनी कठड्यावरून आत सरकल्या.

"आणि येताना," मंगलाताई म्हणाल्या, "चहा घरूनच पिऊन ये!"